पाचवी पाटी

बिश्केक, १२ नोव्हेंबर

ती. बुरुल मावशीस,

सा. न. वि. वि. काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. शाळांसाठी मी आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या मेदेरने टॅबचे सहा नमुने जोडले. पाच तुमच्या शाळेत आहेत, सहावा इथे कार्यशाळेत होता.
२. सोमवारी त्याची काच एका बाजूने उचललेली दिसली. आतली बॅटरी फुगली होती.
३. मेदेरने तो उघडायला घेतला.
४. टेबलाचा कोपरा काळा झाला. टॅब गेला.

सहाही बॅटऱ्या एकाच खोक्यातल्या आहेत. शिक्षण खात्याने जी किंमत घालून दिली, तीत नव्या बॅटऱ्या बसत नव्हत्या. पडदे रद्द झालेल्या मालातून मिळाले, आतले बोर्ड सीमेपलीकडून आले. शेवटी बॅटरीच अडली. दोर्दोई बाजारात ज्याच्याकडून ती घेतली तो दुकानदार मी एकेक तपासायला लागले तेव्हा हसला. म्हणाला, पोरी, बॅटरी घेतेस की जावई पारखतेस? वरचं वेष्टण नवं होतं. आतला माल जुना असावा, असं आता वाटतं.

तरी पाचही टॅब बंद करून परत पाठवावेत. पुन्हा चार्ज करू नयेत. तुमच्याकडचा मोबाइल टॉवर दुरुस्त होईपर्यंत पत्रं कुबातच्या पिठाच्या ट्रकनेच येतील-जातील. त्याला सांगून ठेवलं आहे.

गुडघा कसा आहे? आई विचारते.

लोभ आहेच, तो तसाच असू द्यावा.
तुमची नुरझात


तेरेक-सू, १४ नोव्हेंबर

चि. नुरझात हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचलं. हेडमास्तर म्हणाले, पोरगी पत्र लिहिते की पंचनामा करते? चहाही न विचारता चार कलमं! आम्ही पोट धरून हसलो. एक टेबल काळं पडलं म्हणून एवढी घाबरू नकोस. माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल येऊन बघ.

तुझ्या टॅबना इथे सगळे पाटीच म्हणतात; त्यातल्या चार पाट्या गोळा केल्या. त्या कुठून कुठून निघाल्या ते ऐक. पोरं आळीपाळीने घरी नेत होती, आणि तू दिलेल्या कागदावर ठळक अक्षरांत होतं, 'थंडीपासून जपा'. मग काय, एकूण एक घराने पाटी जूकमध्ये ठेवली. लग्नातल्या गोधड्यांच्या चळतीत, अगदी मधोमध, जिथे सोनंनाणं ठेवतात तिथे. एका घरी तर पाहुण्यांना चळत उलगडून दाखवत होते. एवढा मान तुला तुझ्या विद्यापीठात मिळाला नसेल.

पाचवी मात्र वर आहे. म्हाताऱ्या उलकान आपाचं घर मेंढ्या घेऊन हिवाळी गोठ्यावर गेलं, तेव्हा त्यांची नात आयपेरी पाटी घेऊन गेली. छपरावर सोलर आहे, त्यावर चार्ज करते. तिचा बाप ओमुर पिठासाठी खाली आला होता. म्हणाला, पाटी जरा गुबगुबीत झाली आहे. आयपेरी सगळ्यांना सांगते की पाटीला बाळ होणार! आपाने ती चळतीच्या तळाशी सरकवून वर आणखी दोन जाड गोधड्या दाबल्या आहेत. म्हणे, बसेल खाली. चळत चुलीच्या भिंतीशी आहे, तेव्हा गारठायची भीती नाही. आयपेरी तिथेच टेकून झोपते.

चार पाट्या कुबातबरोबर दिल्या आहेत. गुडघा म्हणतो, तू ये आणि चोळ.

आमच्यावर जीव असू दे, पत्रात दिसला नाही तरी चालेल.
तुझी बुरुल मावशी


बिश्केक, १५ नोव्हेंबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. चार टॅब पोचले. दोन फुगलेले आहेत. ते अंगणात वाळूच्या पिंपात ठेवले आहेत.

पाचवा चळतीतून लगेच काढायला सांगावा. त्यावर वजन ठेवू नये. सोलरची तार काढावी. घराबाहेर, गोठ्यापासून आणि गवतापासून लांब, उघड्या बर्फात ठेवावा. उघडू नये. आयपेरीला हात लावू देऊ नये.

कृपा करून हे आजच कळवावं.

तुमची नुरझात


तेरेक-सू, १८ नोव्हेंबर

चि. नुरझात हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. या वेळी हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, मुलगी काही लपवते आहे का? मी म्हटलं, ती लहानपणापासून अशीच, ताप आला तरी आधी थर्मामीटर वाचून दाखवायची.

ओमुरबरोबर निरोप धाडला होता. आज तो परत आला तो आपाचं उत्तर घेऊनच. जसंच्या तसं लिहिते. आपा म्हणते, आधी लिहिलंस थंडीपासून जपा, आता म्हणतेस बर्फात टाका. शहरातल्या बाईने आधी काय ते ठरवावं, मग मी माझ्या गोधड्या हलवीन. लेकराची वस्तू बर्फात टाकायला ती काय मेलेलं कोकरू आहे? सोलरची तार तेवढी काढली आहे. ओमुर सांगतो, चळतीला हात लावला की आत ऊब लागते आणि गोडसर वास येतो. आयपेरीला तो वास आवडतो.

म्हातारी माझ्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही. तेव्हा गुरुवारी सकाळी ओमुर परत जाईल, त्याच्याबरोबर मीच जाते. घोड्याला माझं वजन अजून माहीत नाही, बिचारा. अर्ध्या दिवसाची वाट आहे आणि कडाका भयंकर पडला आहे, पण तुझ्या पाटीला काही होऊ देणार नाही. येताना ती कोटाच्या आत, छातीशी घट्ट बांधून आणीन. गारठून मेली असं तुझ्या खात्याने म्हणायला नको. एवढी वर्षं खपलीस तिच्यासाठी.

खिंडीवर ढग बसले आहेत. कुबात म्हणतो, अजून एक-दोन फेऱ्या होतील, मग वाट बंद.

माया आहे ती आहेच, तू सांभाळून राहा.
तुझी बुरुल मावशी


बिश्केक, १९ नोव्हेंबर

ती. मावशीस,

हे पत्र शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचावं. तुम्ही निघाला असाल तर हेडमास्तरांनी ते फोडावं आणि घोड्यावरून कुणाला तरी लगेच तुमच्या मागे पाठवावं.

बारा तारखेच्या पत्रात मी चार मुद्दे लिहिले. पाचवा लिहिला नव्हता. माझी पत्रं तिथे सगळ्यांसमोर वाचली जातात हे मला माहीत होतं, आणि एवढ्यावरून खात्याने काम थांबवू नये असं मला वाटत होतं. तो मुद्दा असा.

५. मेदेरने झाकण उचललं तेव्हा आधी गोड वास आला. मग सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि ज्वाळा वर आली. पाणी ओतलं तरी ती पुन्हा पुन्हा पेटत होती. मेदेरचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला आहे. बोटं वाचतील की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत.

वास येतो आहे म्हणजे आतलं आवरण फाटलं आहे. ऊब आणि दाब दोन्ही त्याला घातक आहेत. आपांना सांगावं की त्यांची तक्रार बरोबर आहे. 'थंडीपासून जपा' हे मी लिहिलं, आणि ते अर्धंच लिहिलं. आता कुणीही चळत उपसू नये, टॅब काढायला जाऊ नये. सगळ्यांनी, आयपेरीने सर्वांत आधी, घराबाहेर पडावं आणि मेंढ्यांच्या गोठ्यात राहावं. गोधड्या जळाल्या तर जळू द्याव्यात.

तुम्ही पोचण्याआधी टॅब बाहेर काढलेला असेल, तर तो जिथे असेल तिथेच सोडावा. उचलू नये. कोटाच्या आत ठेवू नये. छातीशी बांधू नये. मला तो परत नको आहे.

पाचवा मुद्दा मी आज खात्याला लेखी कळवला. काम थांबलं आहे. जिल्ह्याच्या आपत्ती कार्यालयालाही फोन केला. वाट उघडली की बघू, असं ते म्हणाले. मी कुबातबरोबर यायला निघाले होते. या फेरीत खिंडीतून माणसं नेऊ देत नाहीत, फक्त पीठ. म्हणून पत्र त्याच्या खिशात दिलं आहे, आणि हॉर्न वाजवत थेट शाळेत शिरायला सांगितलं आहे.

कुबात शुक्रवारी परत निघेल. त्याच्या हाती उत्तर द्यावं. दोनच ओळी असल्या तरी चालतील, पण त्या तुमच्या हातच्या असाव्यात.

शुक्रवारी वाट पाहते.

तुमची नुरझात