विहिरीजवळचं दार

जळगाव, रविवार संध्याकाळ

माझा वर्गमित्र प्रशांत! त्या जुन्या गोळीबाराच्या गेमसाठी चाहत्यांनी बनवलेले मॉड, म्हणजे गेममध्ये जोडायचे नवे भाग, सुचवणारा व्हिडिओ टाकलाय त्याने. त्यात मी बनवलेला सोनगीरचा किल्लाही आहे. "शेवट तर अंगावर काटा आणतो," म्हणे. कुठला शेवट? किल्ल्यातलं विहिरीजवळचं दार उघडतच नाही. त्यापुढचं मी अजून बनवलेलंच नाही. गाढव दारापर्यंतही गेला नसणार. फोन केला तर मलाच शिकवतो, "भाऊ, बठ्ठं शेवटपर्यंत खेळत बसलो तर व्हिडिओ कधी करू?"

आणि मी मूर्ख, सगळ्या सुट्ट्या घालवून एकेक दगड बसवत होतो.

व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचल्या. सगळ्यांना शेवट आवडलाय. एकाला तर रडू आलं म्हणे.

दार अजून बंदच आहे.