बाहेर उघडणारं दार

ता. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू नव्याने आखलेली आमची गल्ली देखणी झाली आहे. फरशी सपाट, दिवे एकसारखे, दारांपुढचे ओटे गायब. ओटे काढायला शेजाऱ्यांना मीच राजी केलं, भावाचं काम म्हणून मिरवलंही. झाली स्तुती. आता ऐक.

गल्लीचं तोंड तू ऐसपैस केलंस, पण आमच्या दारापुढचं वळण होतं तेवढंच अरुंद आहे. नरसाळ्यात ओतावं तसे पर्यटक येतात आणि वळणावर तो जुना मनोरा दिसला की फोटोसाठी थबकतात. आमचं दार बाहेर उघडतं. ओटा होता तोवर त्याला कुणी टेकत नव्हतं. आता सगळ्यांच्या पाठी दारावर. ढकलावं तर बाहेरून आरडाओरडा!

तुझ्या भाऊजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. रोज चालले नाहीत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. जन्मभर टपाल वाटत फिरलेला माणूस खोलीतल्या खोलीत येरझारा घालतो, मला धडकतो आणि वर माझ्यावरच चिडतो. काहीतरी कर बाबा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं, थोडा रागही आला. त्याच ओट्याला ठेच लागते म्हणून तूच बोटं मोडायचीस.

दार आत उघडणारं करून दिलं असतं, पण जुन्या गल्लीतली दारं आहेत तशीच ठेवायची असा नियम आहे आणि तो मीच लिहिलाय. हसू नकोस. तूर्त वाट एकेरी करतोय. सगळे एकाच दिशेने गेले की तुंबणार नाहीत. तोवर भाऊजींना पहाटे फिरवून आण. रविवारी येऊन मी स्वतः बघतो.

राग हवा तेवढा कर, लोभ मात्र कमी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, रागावूनच.

रविवारी तू आलास, ते आम्ही वरच्या खिडकीतून पाहिलं. तू हात वर करून दाराकडे वळत होतास आणि मागचे तुला पुढे रेटत होते. वाट एकेरी, उलट फिरायची सोय नाही. अख्ख्या वस्तीला वळसा घालून पुन्हा आलास आणि पुन्हा वाहत गेलास. मी हाका मारल्या, तर लोकांनी माझेच फोटो काढले. ऑपरेशननंतर हे पहिल्यांदाच पोट धरून हसले. मग त्यांनी खिडकी लावली. आपला माणूस आपल्या घरात येऊ शकत नाही, म्हणाले.

पहाटे दुकानांच्या मालाच्या हातगाड्या धावतात. एकदा हे गाडीखाली यायचे थोडक्यात वाचले, तेव्हापासून पहाटही बंद. पाय वाकेनासा झालाय. मला रडू येतं, ते मी स्वयंपाकघरात उरकते.

लोभ आहे, पण दमलाय.

ताई

ता. २० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या रविवारी लाज वाटली, म्हणून लिहिलं नाही. पालिकेच्या कचेरीत सगळ्यांशी भांडलो. वळणावरच्या घरांचे ओटे परत बांधायचे ठरलंय, आणि गल्लीच्या तोंडाशी माणसं थोडी थोडी आत सोडायचीही. गवंडी येत्या सोमवारी येईल. भाऊजींना म्हणावं, बूट पुसून ठेवा.

तुमच्या मायेवरच चाललंय.

धाकटा

ता. ११ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ओटा छान झाला. दार सताड उघडतं. गर्दीही पुष्कळ ओसरली आहे, तुझे उपकार.

काल यांना कोट चढवला, हातात काठी दिली. उंबऱ्यापर्यंत आले. म्हणाले, एवढे लोक जाऊ देत, मग निघू. ते गेले, दुसरे आले. दोघांना सहज जाता येईल एवढी वाट होती रे! मी हात धरला, तर तो त्यांनी सोडवून घेतला आणि दार आतून ओढून लावलं. घामाने भिजले होते. आजचा दिवस तूही बाहेर जाऊ नकोस, म्हणाले. आज सकाळी पुन्हा तेच म्हणाले. मला त्यांना सोडून जाववत नाही.

तुझ्यावरची माया तशीच आहे, काळजी करू नकोस. हे पत्र खिडकीतून खाली टाकते आहे. कुणीतरी उचलून पेटीत टाकेल.

तुझी ताई