आईसाठी ठिपक्यांचा रेडा

८ जानेवारी
यंदा पक्कं. आईच्या अंत्यविधीला बळीचा रेडा घरचाच, आणि तोही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याच्या पाठीवरून ती थाटात पितरांच्या गावी जाईल. तोवर ती घरातच, आजारी. आम्ही तोराजा लोक विधी होईपर्यंत माणसाला मेलं म्हणत नाही. काळी म्हैस शेजारच्या सांपेच्या ठिपकेवाल्या रेड्याला दाखवली. धाकटी बहीण डामारिस म्हणते, बाजारातून साधा रेडा आणून मोकळं होऊ. तिला जीन कळत नाहीत.

२६ नोव्हेंबर
रेडकू झालं. काळंकुट्ट. आईला सांगितलं नाही, उगाच मनाला लावून घेईल.

१४ डिसेंबर
गुरांचा डॉक्टर भेटला. रंग एका जीनवर ठरत नाही म्हणे, दोन-तीन जीन एकमेकांत लुडबुड करतात. पांढरा तर ठिपक्यांवर पांघरूणच घालतो. म्हणजे पांढऱ्या म्हशीत ठिपके असणारच! डॉक्टर 'असतीलच असं नाही' वगैरे बोलत होता. पांढरी म्हैस घेतली. विधीला पांढरं कुणी घेत नाही, त्यामुळे लगेच मिळाली.

३ नोव्हेंबर
शिंगापासून शेपटीपर्यंत पांढरं. म्हणजे शिंगं यायचीत. ठिपके आहेत, दिसत नाहीत एवढंच. डामारिसला तसं समजावलं. ती म्हणाली, "दादा, आईच्या श्वासाबद्दलही तू हेच म्हणतोस."
मी जाऊन आईचं पांघरूण सारखं केलं.

२० डिसेंबर
आता रेडाही ठिपकेवाला आणि नवी आणलेली म्हैसही ठिपकेवाली. जीनना पळायला जागाच नाही.

९ नोव्हेंबर
झालं! रेडाच, ठिपके अगदी हवे तसे, डोळे फिकट निळे. सगळं गाव बघायला लोटलं. सांपेनं मिठी मारली. मी मात्र आईच्या खोलीत डोकावून आलो. सगळ्यांना सांगितलं, अजून लहान आहे, शिंगं नीट वाढू देत, काही वर्षं थांबू.
डामारिस रडली. "तुला रेडा नकोच होता. तुला तिला पाठवायचंच नाहीये."
काहीतरीच. शिंगं महत्त्वाची असतात.

१२ ऑगस्ट
तारीख डामारिसनं ठरवली, रेडेही तिनंच. मी नाही म्हटलं नाही. डोकं पश्चिमेला असतं तोवर माणूस आजारी. आज ते दक्षिणेकडे फिरवायचं होतं. उशाकडून मी धरलं. हळू फिरवलं, तिला कुठे लागू नये म्हणून.
आज आई वारली.