राजाचा पासपोर्ट कुणाकडे

करामा, दुबई
१ फेब्रु. १९९९, सोम.
उद्या मितूचा इतिहासाचा पेपर. नात नववीत आहे. आईबाप दोघं ऑफिसात, म्हणून धडा मला म्हणून दाखवला. मी चौथी पास, पण ऐकायला काय लागतं. मेथी निवडत ऐकलं. मेथी छान होती आज, कोवळी.
धडा युरोपातला, अडीचशे वर्षांपूर्वीचा. तिथं शहाणी माणसं निघाली. म्हणाली, राजाला देवानं नाही बसवलं, लोकांचं त्याच्याशी कॉन्ट्रॅक्ट आहे. कॉन्ट्रॅक्ट मला कळतं, इथं सगळे त्यावरच आलेत. विचारलं, किती वर्षांचं? सुट्टीला तिकीट देतात का? पासपोर्ट कुणाकडे ठेवतात? इथं तर कंपनी ठेवून घेते.
मितू हसून लोळली. मग म्हणाली, "आजी, गुड क्वेश्चन. राजाचा पासपोर्ट लोकांकडे."
म्हणजे लोक कंपनी, राजा कामाला. झकास.

३ फेब्रु., बुध.
पेपर सोपा गेला. देवाची कृपा.
जेवताना सुनीलने सांगितलं, डोंबिवलीची खोली विकू, आईचा इथलाच विसा करू, शनिवारी कागद देतो. "खलास, ठरलं." माझ्या काळजीनंच हो, पोरगा गुणी आहे. मी आपली पोळी वाढत होते.
मितू म्हणाली, "बाबा, डिड यू आस्क आजी?"
"तिला काय विचारायचं? तिच्या भल्याचंच आहे."
"तो राजापण हेच म्हणायचा."
सूनबाईला ठसका लागला. मी पाणी दिलं. सुनील ताटाकडे बघत जेवला.

४ फेब्रु.
खरंच मला कधी कुणी विचारलं नाही. शाळा सोडताना नाही, लग्नात तर नाहीच. तक्रार नाही, माणसं भली मिळाली. हे गेले तेव्हापासून खोलीत एकटी, पण गॅलरीतली तुळस आहे, शेजारच्या कुलकर्णीबाई आहेत, कुलूप माझ्या हाताने लावते. इथं मितू आहे. समोरची अम्मिणी सांबार देते, मी तिला कोथिंबीरवडी. भाषा एकमेकींची येत नाही, पोट भरतं.
दोन्हीकडे जीव अडकलाय.

५ फेब्रु., शुक्र.
सुट्टी. चहा झाल्यावर सुनील कपाट उघडून आला. माझा पासपोर्ट त्याच्याकडेच असतो, आल्या दिवसापासून. माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, "आई, तुझा तू ठेव. राहायचं का जायचं, तू सांग. उद्या कागद देत नाही."
डोळे भरले. म्हटलं, विचार करून सांगते.
"किती दिवस?"
"विसा या महिनाअखेरपर्यंत आहे ना? तोवर."
हसला. लहानपणीसारखा, एका गालात.
पासपोर्ट साड्यांच्या घडीत ठेवला. परत काढला, फोटो बघितला, परत ठेवला. आमटीत मीठ दोनदा पडलं, सगळे मुकाट जेवले.
संध्याकाळी मितूने विचारलं, "आजी, काय ठरलं?"
म्हटलं, थांब जरा. लोक विचार करतायत.