धानासारखं रोवलेलं गवत

मु. अड्याळ

बपेऱ्याच्या बुधराम भाऊजींना शकुनबाईचा वाकून नमस्कार. (आता वाकणं होत नाही, पण कागदावर चालते.) तुमचे गुडघे अन् जाऊबाई जिजाचा खोकला, दोन्ही वठणीवर आले असतील असं धरून चालतो आमी. पत्र लिहून देणारी नात नागपूरले होस्टेलात, म्हणून मी सांगून राहिली अन् रिता लिहून राहिली. सुनेची गाऱ्हाणी सुनेकडूनच कशी लिहवावी? ती तुमी आल्यावर सांगीन.

तर गवताचं असं झालं. होळीच्या आधी तुमचे भाऊ गेले, तवापासून गायीले चारा आणणारं कोणी नाही. धानाच्या काड्यांची तनीस म्हणाल, तर धान आता मशीन कापते अन् तनिशीचा चुरा वावरातल्या बांधीतच फेकते. पोरगा धनराज म्हणे, गाय बाजारात देऊन टाकू. मी म्हटलं, थांब, गवत लावू. तुमी नदीकाठच्या मारवेलचे ठोंब पाठवले. ढोरांचा डॉक्टर सांगून गेला, दोन ठोंबांत दीड हात जागा सोडा. पण रोवायले आल्या ललिताबाईच्या टोळीतल्या बाया, अन् ओल्या बांधीत पाय पडला का त्यांचे हात कोणाचं ऐकतात? मागं मागं सरकत, वीत-वीत अंतरानं, धान रोवावं तशी बांधी भरून टाकली. मी कडेच्या धुऱ्यावरच बसली होती. टोकलं नाही. (मोकळी जागा आजकाल मले पाहवत नाही.)

गवत असं दाट आलं का धनराजनं फोटो काढून व्याह्यांना पाठवला. भारे मोठमोठे निघाले. गायीपुढं टाकले तर तिनं हुंगलं, अळणी भाजी वाढणाऱ्याकडे पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं अन् तोंड फिरवलं. पाहतो तर सारी काडीच काडी. खालचा पाला उजेडाविना पिवळा पडून सडलेला. एका कोपऱ्यात मात्र ठोंब सरत आले म्हणून ललिताबाईनं विरळ विरळ खोचले होते. तिथला एकेक ठोंब परातीएवढा पसरला, पाल्यानं भरला. तो गायीनं खाल्ला. पण आता तोही खात नाही. फाटकाकडे पाहत उभी राहते.

मग मधले ठोंब उपटायले मीच बसली. एक ठेवायचा, एक काढायचा. शेजारचा निघाला का उरलेला फैलते, असं डॉक्टर म्हणते. मी तर काही फैलली नाही, भाऊजी. (रिता, थांबली काहून? लिही.)

जिजाले आशीर्वाद.

तुमची वहिनी,
शकुनबाई

ता. क. खरं काम हे. तुमचा आवाज अगदी तुमच्या भावासारखा. एकदा येऊन फाटकातून गायीले हाक मारा. त्यानं तरी ती खाईल. नाहीतर धनराज तिले बाजारात नेते. लोकांनी विचारलं तर गवत पाहायले आलो म्हणा.

ता. क. काकाजी, हे मी, रिता, माझ्या मनानं लिहिते. आईंना वाचता येत नाही. गाय कोपऱ्यातला चारा चाटूनपुसून खाते. ठोंब विरळ केल्यापासून बाकीच्या गवतालाही पाला धरला आहे, म्हणून यांनी बाजाराचं नाव सोडलं, आणि आईंना तसं सांगितलंही आहे. भरलेलं ताट परत येतं ते आईंचं. तुम्ही लवकर या. हाक गायीलाच मारा, आई आतून ऐकतील.