तुमचं कार्ड बंद करून आले

कुंभकोणम्

अहो,

जन्मभर याच एका शब्दाने हाक मारली, मग पत्राला तरी दुसरं काय लिहू? तुम्ही गेलात त्याला वर्ष होत आलं. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलंय. परवा मद्रासला जाऊन मी तुमचं बँकेचं क्रेडिट कार्ड बंद करून आले. रागावलात ना? रागवा. पण आधी सगळं ऐकून घ्या. मी फार दमलेय, आणि हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

त्या बँकेने वर्षाच्या फीचं बिल परत तुमच्याच नावाने पाठवलं. टपालवाल्यानं ते ओट्यावर माझ्या हातात दिलं आणि खाली मान घालून गेला. त्याला माहीत होतं, बँकेला माहीत नव्हतं. मी फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "कार्ड ज्यांचं आहे त्यांनीच बोलायला हवं, अम्मा. ते कधी असतात घरी?"

काय सांगायचं होतं मी तिला?

ते कार्ड आलं तो दिवस आठवतो? एक्क्याण्णव साल. तुम्ही जिचा डेपो सांभाळायचात, त्या पंपसेटच्या कंपनीची मद्रासला सभा होती. तिथे बँकेचा माणूस आला आणि तुम्हा सगळ्या डेपोवाल्यांना कार्डं देऊन गेला. तुम्ही घरी आलात, पाय धुतलेत आणि काप्पी यायच्या आधीच ते माझ्या हातावर ठेवलंत. नावाची अक्षरं उठून आलेली होती. तुम्ही माझं बोट धरून त्यांच्यावरून फिरवलंत. "बघ," म्हणालात, "न ओळखणारा माणूससुद्धा आता माझ्यावर भरवसा ठेवणार."

आपल्या गावात तेव्हा ते चालत होतं कुठे? एक जवळीचं, म्हणजे कापडाचं, मोठं दुकान आणि एक हॉटेल. दुकानदार आधी मद्रासला फोन लावायचा, लाइन लागेपर्यंत आपल्याला बसवून ठेवायचा, मग लोखंडी यंत्रात कार्ड घालून दांडा सरकवायचा. तुमच्या बहिणीच्या, अक्कांच्या मुलीच्या लग्नाची पातळं तशीच घेतली. फ्रिजही तसाच आला. पण खरा बोजा त्याचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. मायावरमचे, तंजावरचे पंप विकणारे लोक यायचे, त्यांची जेवणं, लॉजची भाडी तुम्ही कार्डावर भरायचात आणि कंपनी मागाहून भरून द्यायची. मग कंपनीने डेपोच बंद केला आणि भरून द्यायचंही बंद केलं.

पहिल्याचं भागवायला तुम्ही दुसरं कार्ड काढलंत. मला सांगितलंत ते दुसऱ्यावर व्याज चढायला लागल्यावर. त्या दिवशी आपण किती भांडलो! आपलं भांडण मराठीत, म्हणून शेजारच्या तमिळ मामींना एक अक्षर कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, काल घरात काही पोथी लावली होती का? मी हो म्हटलं.

फेडायला जी वर्षं गेली ती काही मी मोजत बसणार नाही. तुम्ही मोठ्या रस्त्यावरच्या पितळी भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहायला लागलात. डेपोत सगळे तुम्हांला सर म्हणायचे, इथे शेठचा धाकटा मुलगा नावाने हाक मारायचा. मी ओट्यावर मुलांना हिंदी शिकवायला बसले. गावात कुणाला नागरी लिपी येत नव्हती, आपल्याला घरातून येत होती, तेवढंच माझं भांडवल. एक तुकडी सकाळी, एक संध्याकाळी. "मैं", "मैंने", "मुझे" करता करता घसा बसायचा. आपली लेक मंगळा शाळेतून आली की माझ्याऐवजी तीच लहान मुलांना उजळणी द्यायची आणि स्वतःचा अभ्यास मागे टाकायची. तिने कधी कुरकूर केली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

आणि मग एकदाचं फिटलं. दोन्ही कार्डांचं. बँकेचं पत्र आलं तसे तुम्ही म्हणालात, चल, तिरुवलंचुळीला जाऊन येऊ. टाऊन बसने गेलो. पांढऱ्या विनायकाचं दर्शन झालं, बाहेरच्या मंडपात टेकलो. वारा होता. तुम्ही शर्टाचं वरचं बटण काढलंत. किती दिवसांनी तुमच्या कपाळावरची आठी गेलेली दिसली! मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हटलं, "आता दोन्ही बंद करून टाका."

तुम्ही खिशातलं पाकीट चाचपलंत. मग म्हणालात, "दुसरं करतो. पहिलं राहू दे."

"कशाला? परत त्याच खड्ड्यात जायला?"

"नाही वापरणार. नुसतं राहू दे. एकदा बंद केलं, तर पुन्हा मला कोण देणार, तुळजा?"

तुम्ही मला नावाने फार क्वचित हाक मारायचात.  मला वाटत होतं, फेडलेली वस्तू घरात ठेवायची म्हणजे साप मेला म्हणून कोपऱ्यात ठेवण्यासारखं आहे. तुम्हांला काय वाटत होतं ते तेव्हा पुरतं कळलं नाही. तुम्ही हिशेब मांडून सांगितलंत, वर्षाला फी तेवढी जाईल, अडीअडचणीला आधार राहील, माणूस कधी आजारी पडेल सांगता येतं का? बोलणं बरोबरच होतं. पण तुम्ही माझ्याकडे न बघता बोलत होतात.

तुम्ही दिलेला शब्द पाळलात. एकदाही वापरलं नाहीत. पाकिटात ठेवून कामाला जायचात. डेपो गेला, सर म्हणणारे गेले, आणि तो प्लास्टिकचा तुकडा तेवढा खिशात राहिला. हे मला हळूहळू समजलं, म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही.

मग अक्कांचे यजमान आजारी पडले. इन्नंबूरहून त्यांना त्रिचीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि निरोप मिळताच तुम्ही नेसत्या धोतरानिशी निघालात. जाताना खिशावर हात ठेवून म्हणालात, "बघ, याचसाठी ठेवलं होतं." अहो, त्या वेळी तुमचा चेहरा काय सांगू! घरात दुखणं आलेलं आणि तुम्ही उजळलेले! मलाही वाटलं, बरं झालं, यांचं खरं ठरलं.

तीन दिवसांनी आलात. यजमान वाचले होते. मी विचारलं, कार्ड चाललं का? तुम्ही पाण्याचा तांब्या उचललात आणि म्हणालात, "तिथलं यंत्र बिघडलं होतं. अक्कानेच भागवलं." मी बरं म्हटलं. तुम्ही जेवलात, निजलात. त्यानंतर तुमचं बोलणं कमी झालं. मला वाटलं, दमणूक असेल.

अक्कांनी मला दिवाळीत खरं सांगितलं. यंत्र चालू होतं. आस्पत्रीतल्या माणसाने मद्रासला फोन लावला आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने सांगितलं की या कार्डावर एवढे मिळत नाहीत. तुम्ही पुन्हा विचारायला लावलंत. पुन्हा तेच उत्तर. मग तुम्ही बाजूला होऊन भिंतीशी उभे राहिलात आणि अक्कांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून तुमच्या भाच्याकडे गहाण टाकायला दिल्या. अक्का मला सांगताना रडल्या, त्या बांगड्यांसाठी नव्हे. "माझा भाऊ त्या भिंतीशी इतका लहान झाला गं," म्हणाल्या.

मला का नाही सांगितलंत? मी काय हसले असते? बघा, मी सांगत होते, असं म्हणाले असते? घसा बसेपर्यंत शिकवलं ते तुम्हांला टोचून बोलण्यासाठी? एवढीच तक्रार आहे माझी तुमच्यावर. कर्ज तुम्ही लपवलंत, ते मी केव्हाच विसरले. पण तो अपमान एकट्याने घेऊन माझ्या शेजारी निजलात, ते माझ्याने विसरवत नाही.

आणि त्यानंतरही तुम्ही फी भरलीत! मी पाहिलं होतं. कळूनही काही बोलले नाही, कारण तुम्ही बोलत नव्हतात. मग एका सकाळी संध्येला बसलेले तुम्ही उठलाच नाहीत.

तर मद्रासचं सांगते. पहाटेच्या बसने निघाले. उन्हाने आणि धुळीने डोकं दुखत होतं. मंगळा बंगळूरहून येते म्हणत होती, मीच नको म्हटलं, नवी नोकरी आहे तिची. बँकेत थंडगार हवा आणि सगळीकडे काच. एका खिडकीवरून दुसरीकडे, तिथून वरच्या मजल्यावर. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य म्हणायचं, माझे यजमान वारले. चौथ्या-पाचव्यांदा म्हणताना ते दुसऱ्याच कुणाचं असावं तसं वाटायला लागलं. शेवटी एका अधिकाऱ्यापाशी बसवलं. तिशीचा असेल, कपाळाला गंध. त्याने मृत्यूचा दाखला पाहिला, कॉम्प्यूटरवर तुमचं खातं उघडलं आणि बराच वेळ वाचत राहिला.

मी विचारलं, "त्रिचीला नाही का म्हणालात? सगळं फेडलेलं होतं."

तो म्हणाला, जे कार्ड कुणी वापरत नाही त्याची मर्यादा खाली आणतात, पद्धतच आहे तशी. कळवलंही नसेल.

"म्हणजे त्यांनी सगळं फेडलं आणि मग हात लावला नाही, ही त्यांची चूक?"

 तो टेबलावरचं पेन नीट ठेवत राहिला. मग पडद्याकडे बघून म्हणाला, "अम्मा, एक सांगतो. हप्ते ठरल्यानंतर त्यांनी एकदाही उशीर केला नाही. इतकी वर्षं, एकदाही नाही. आमच्याकडे अशी माणसं फार थोडी आहेत."

 तो पुढे म्हणत होता, तुम्हांला हवं असेल तर तुमच्या नावाने नवं कार्ड देतो, ट्यूशनच्या कमाईवर होईल. मी नको म्हटलं. कार्ड नको, म्हटलं, पण आधी जे सांगितलंत ते परत एकदा सांगा.

त्याने परत सांगितलं. या वेळी हळू सांगितलं, आणि तुमचं नाव घेऊन, मागे राव लावून.

मी तमिळमध्ये आभार मानले आणि मग मराठीत काहीतरी पुटपुटले. त्याला कळलं नाही. तुम्हांला कळलं असेल. त्याने कात्री काढली, तेव्हा मी म्हटलं, नावावरून फिरवू नका. त्याने नंबरावरूनच कापलं.

परतीच्या बसमध्ये विचार करत होते, कुणाचं बरोबर होतं? फेडून झालं की बंद करावं असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं. तुम्ही ठेवलंत, दरवर्षी पैसे भरलेत आणि गरजेला ते उपयोगी पडलं नाही. पण बंद केलं असतं, तर त्या सगळ्या वर्षांत खिशाला हात लावून तुम्ही ताठ चालत गेला असतात का? मला नाही सांगता येत. वाद घालायला तुम्ही असतात तर बरं झालं असतं. एकटीने दोन्ही बाजू लढायला आता अंगात त्राण नाही.

मंगळेला कंपनीतून कार्ड मिळालंय. घेऊ की नको, फेडल्यावर ठेवू की बंद करू, असं काल फोनवर विचारत होती. तुम्ही असतात तर कागद घेऊन तिला शिकवायला बसला असतात. मी म्हटलं, श्राद्धाला आलीस की बोलू.

ती आली की काय सांगणार, ते तुम्हांला आज कबूल करते. त्या अधिकाऱ्याने सांगितलेलं तुमच्याबद्दलचं वाक्य आधी सांगेन, अक्कांसमोर, जसंच्या तसं. कार्डाचं तिचं तिने ठरवावं, मी मध्ये पडणार नाही. पण एक वचन तिच्याकडून घेईन. जगात कुठे कुणी चारचौघांत नाही म्हटलं, तर त्याच दिवशी घरी येऊन ते खरं सांगायचं.

तुमच्याकडून ते घ्यायचं राहून गेलं.

तुमची,
तुळजा