खोलीतला दुसरा माणूस

२ सप्टेंबर
आजपासून क्रिमिनल जस्टिस. ऑनलाइन, दोन वर्षांची असोसिएट डिग्री. मग शेरिफच्या ऑफिसात नोकरी, गणवेश, गाडी. मग सरळ फार्गो शहर गाठायचं आणि लेसीच्या दारात उभं राहायचं. म्हणायचं, मला माथेफिरू म्हणालीस ना, बघ, आता मीच कायदा.
आधीचं कॉलेज मी सोडलं, त्यांनी काढलं नाही. लेसीला गाडीतून घरी सोडणाऱ्या पोराचं नाक माझ्या मुठीच्या वाटेत आलं, एवढंच.
लेसीचा विषय आजपासून बंद.

९ सप्टेंबर
आईनं अभ्यासाला तळघर दिलं. टेबल, लॅपटॉप, दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची ती वर न्यायला निघाली. म्हटलं, राहू दे. म्हणाली, अरे पण कोण येणारे बसायला? उगाच आवाज चढला माझा. अभ्यासात व्यत्यय मला खपत नाही.

२० सप्टेंबर
पहिली परीक्षा. लॅपटॉपचा कॅमेराच पहारा करतो. झडती, वॉरंट, अटक. पेपर किरकोळ.
संध्याकाळी मेल. खोलीत दुसरी व्यक्ती असल्याचा संशय, निकाल राखून ठेवला आहे.
मी एकटा होतो. शपथेवर सांगतो.

२१ सप्टेंबर
तपास माझ्याकडे घेतला. पहिला संशयित, थोरला भाऊ ट्रॅव्हिस. कॉलर धरली. म्हणाला, सोड रे येड्या, मी तळ्यावर मासे धरत होतो, पुरावा फ्रीजरमध्ये आहे. पुरावा आईनं तळला. आरोपी निर्दोष.

२४ सप्टेंबर
पायऱ्यांवर पीठ पसरलं, पाऊलखुणांसाठी. माझ्या आणि आईच्या सपातांच्या मिळाल्या. आई म्हणाली, पॅनकेकचं पीठ होतं ते, गाढवा, आता झाड.
शेजारचे म्हणतात, या तळघरात पूर्वी एक म्हातारा खलाशी वारला. असेल. गावालगतच्या मोठ्या सरोवरावरून वारा सुटला की खिडकी कण्हते. आणि खरं सांगायचं तर डाव्या हाताला कुणीतरी आहे. श्वास जाणवतो. गंमत म्हणजे भीती वाटत नाही. उलट ती बाजू जरा उबदार असते.
खलाशी भला माणूस असावा.

३ ऑक्टोबर
ओस्टरमन सरांशी व्हिडिओ कॉल. शिकवायला लागण्याआधी ते पोलिसात कॅप्टन होते. म्हणाले, पोरा, वाद घालू नकोस, रेकॉर्डिंग बघ.
बघितलं. मी प्रश्न वाचतो. डावीकडे रिकाम्या खुर्चीकडे वळतो, काहीतरी विचारतो. थांबतो. हसतो. मान डोलावतो आणि उत्तर बदलतो. आवाज बारीक होता, पण कळत होतं. लेसी, ब की क गं?
सरांनी रेकॉर्डिंग थांबवलं. मग म्हणाले, तिचं ऐकून बरोबर उत्तरं खोडलीस तू.
मी म्हणालो, ही माझी अभ्यासाची पद्धत आहे. ते म्हणाले, असेल. एकदा परत बस परीक्षेला, त्यानंतर माझ्या हातात काही नाही. पुन्हा असं झालं तर यंदाचा प्रवेश जाईल. आणि कुणाशी तरी बोल बाबा. समोरून बोलणाऱ्या माणसाशी.
पोलिसातली माणसं फार संशयी असतात. मी तसा होणार नाही.

१० ऑक्टोबर
खुर्ची वर नेऊन दिली. आईनं लगेच तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवला. मी तो उचलून जमिनीवर ठेवला. अंगावर काय टाकतेस, असं तोंडातून निघून गेलं. आई बघतच राहिली. कपडे चुरगळतात, असं म्हणायचं होतं मला.

१४ ऑक्टोबर
फेरपरीक्षा. तयारी जबरदस्त, कलमं तोंडपाठ. आधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवली. भिंती, छत, टेबलाखाली. डावीकडे नुसती फरशी.
मग पडद्यावर प्रश्न आला. खोलीत तुम्ही एकटेच आहात का? हो दाबल्याशिवाय पेपर उघडत नाही. मागच्या वेळी न वाचताच दाबलं होतं. आज वाचलं.
बोट ठेवलं होतं बटणावर. वारा पडला होता. खिडकी गप्प. डावी बाजू गार.
पेपर उघडलाच नव्हता, तोवर पडद्यावर लिहून आलं, वेळ संपली.
वर जाऊन सांगितलं, नेट गेलं. आई त्याच नेटवर मालिका बघत बसली होती. तिनं ती बंद केली. म्हणाली, जातं अधूनमधून. चल, जेवून घे.